आज दोनदा कशाला?

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी नीट केला असता.

ज्यांच्याबाबतीत ती घडली ते हुसेनमियाँ माझे सख्खे मामू. मूळचे दापोलीकडचे. आता सौदीत अल खफजीला एका तेल कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी. मी मदिन्यात नर्स. दर जुम्म्याला आमचा फोन असतो. मामू डाळ खारट झाली तर कबूल करणार नाहीत, पण अशा बाबतीत खोटं बोलणारे नव्हेत.

गेल्या जानेवारीतली पहाट. खफजीची जेट्टी. समुद्रावर दाट धुकं.

पण त्याआधी अफगाणिस्तानचं सांगायला हवं.

तिथल्या लढाईत मामू बरीच वर्षं अमेरिकन पॅराट्रूपर्सच्या छावणीत जेवण रांधायचे. विमानातून उड्या मारायला शिकलेली ती पोरं. डोंगरात जायची हेलिकॉप्टरने, पण उडीआधीची सवय सुटली नव्हती. निघताना रांगेत उभं राहायचं. शेवटच्याने पुढच्याचे पट्टे तपासायचे, पाठीवर थोपटून "ओके" म्हणायचं. मग त्याने त्याच्या पुढच्याला. असं करत ती थाप पार पहिल्यापर्यंत जायची.

शेवटी असायचा डेल. मामूंच्या डाळभातावर तुटून पडणारा.

"आणि माझ्या मागे कोण?" तो मामूंना चिडवायचा.

मग मामूच त्याची पाठ थोपटायचे. "ओके, बेटा."

एका संध्याकाळी मामूंना जरा उशीर झाला. धावत ते रांगेच्या मागे पोचले. हात उचलणार, तोच डेल हसत वळला...

दोन बोटं दाखवत म्हणाला, "आज दोनदा कशाला?"

मामूंनी अजून हात लावलाच नव्हता.

मामूंशिवाय त्याच्या मागे कुणी नव्हतं.

हेलिकॉप्टर उडालं. डेल परत आला नाही.

त्यानंतर मामूंनी कुणाचीच पाठ थोपटली नाही. पोटच्या पोराचीसुद्धा नाही.

हा पोरगा म्हणजे झैद. गेल्या वर्षी मामूंनी खटपट करून त्याला खफजीच्या समुद्रातल्या एका तेलाच्या रिगवर चिकटवलं. रोज पहाटे बोटीसाठी रांग लागते. पोरं एकमेकांचं लाइफ जॅकेट तपासतात. झैद नवा, म्हणून शेवटी. मामू मेसमधून चहा घेऊन जातात.

त्या पहाटे समोरची बोटही धड दिसत नव्हती. मामू झैदच्या मागे उभे. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात कपांची टोपली.

रोज कलकलाट करणारे पक्षी गप्प. पाण्याचाही आवाज नाही...

झैद वळला. हसत.

"अब्बा, कधी थोपटत नाय, मग आज दोनदा कशाला?"

टोपली मामूंच्या हातातून सुटली.

डेलची गोष्ट त्यांनी झैदला कधीच सांगितली नव्हती.

त्यांनी जॅकेटला धरून त्याला रांगेबाहेर ओढलं. "आज जायचा नाय!"

"अब्बा, वेड लागलाय काय? नोकरी जाईल माझी!"

"यल्ला! यल्ला!" सुपरवायझर घाई करत ओरडत होता. झैद धडपडत होता. मामूंनी मिठी सोडली नाही. बोट निघून गेली.

दिवसभर मामूंचं कशात लक्ष लागलं नाही. रोट्या करपल्या. कान समुद्राकडे.

संध्याकाळी बोट परत आली. सगळे धडधाकट.

सुपरवायझरने झैदला सुनावलं, "पुन्हा असं झालं तर खलास. सरळ घरी." झैद बापाशी बोलेना. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलंय. नोकरी सोड म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या पहाटे मामू चहा न घेताच गेले. दोन्ही तळवे झैदच्या पाठीला टेकवून उभे राहिले, अगदी तो बोटीत चढेपर्यंत. पोरं फिदीफिदी हसली. हसू देत. दुसऱ्या कुणाच्या हाताला तिथे जागा राहायला नको.

तेव्हापासून रोज हेच.

मी एकदा विचारलं, "मामू, तो डेल असेल का?"

"डेलला थोपटलान तवा डेल जिता होता ना गो," ते म्हणाले. "मग ह्यो कोण?"

या जुम्म्याला फोनवर त्यांचा आवाज कधी नव्हे इतका शांत होता.

"अरवा, झैदच्या पाठीवर माझे दोनी हात होते. मधी कोण शिरला नाय."

"मग बरंच झालं की."

"होय. पण आज..." ते थांबले.

"आज काय, मामू?"

"आज माझी पाठ थोपटलान. दोनदा."

मी नकळत मागे वळून पाहिलं.

"मी ओके म्हटला," मामू म्हणाले. "पोरावरनं टळला ना, बस."

आणि ते हसले. अगदी मनापासून, समाधानाने.

मला त्या हसण्याचीच भीती वाटतेय.

हे सगळं मी भिंतीला पाठ टेकून लिहितेय.