दोघांच्या संमतीनं

अदालत रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात मला एक माणूस आवडला आणि पुढच्याच मिनिटाला कळलं, की तो माझा नवरा आहे.

हसू नका. बाहेर भुरभुर पाऊस होता, मी डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळला होता आणि त्यानं मिशी काढली होती. पुढं उभ्या असलेल्या एका मावशींचे भिजलेले कागद तो आपल्या रुमालानं एकेक करून टिपत होता... अगदी हलक्या हातानं. मी त्या हातांकडं बघतच राहिले. कुणाच्या नशिबात असेल बाई हा, असंसुद्धा मनात येऊन गेलं! मग माझा नंबर आला, झेरॉक्स झाल्या, मी निघाले.

"ओ मॅडम! तुमचं आधार कार्ड मशीनमध्येच राहिलं."

त्या रुमालवाल्यानंच कार्ड पुढं केलं, सहज नाव वाचलं आणि त्याचा हात हवेतच थांबला. तनुजा सुदर्शन नलावडे.

"हे मधलं नाव... माझं आहे," तो म्हणाला.

मी स्कार्फ खाली केला. दोघंही काउंटर अडवून एकमेकांकडं बघत राहिलो. शेवटी दुकानदारच वैतागला, "साइडला व्हा ना भाऊ, लाइन लागलीय."

आम्ही दोघंही त्या दिवशी एकाच कामाला आलो होतो. घटस्फोटाच्या.

नवरा ओळखू येत नाही म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. आमचं लग्न ठरवलं माझ्या कारभारी काकांनी आणि त्याच्या वडलांनी, म्हणजे दादांनी, पिशोरच्या बाजारात, चहा पिता पिता. बघण्याच्या कार्यक्रमात मला स्वयंपाक येतो का, हे सात जणांनी विचारलं. मुलगा पसंत आहे का, हे एकानंही नाही. लग्नानंतर मी देवगाव रंगारीला सासरी आणि सुदर्शन वाळूजला कंपनीत. पंधरा दिवसांनी यायचा, ओसरीवर जेवायचा, मी आतून भाकरी पाठवायची. आठ महिन्यांत आम्ही सगळं मिळून तासभर बोललो असू. मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला. नोकरी करते म्हटल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, सुदर्शन मान खाली घालून गप्प बसला आणि मी पिशवी उचलून शहरात निघून आले. त्याला चौदा महिने झाले होते.

भांडण नव्हतं, मारझोड नव्हती. म्हणून वहिदा वकीलबाई म्हणाल्या होत्या, "दोघांच्या संमतीनं घ्या. एकच अर्ज, खाली दोघांच्या सह्या. कुणी कुणावर चिखल उडवायचा नाय."

त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात शिरलो, तेव्हा त्या फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होत्या. आमच्याकडं बघून त्यांनी बोटं मोजली, "आधार, लग्नपत्रिका, आणि तुमचा दोघांचा फोटो. जा, घेऊन या."

आम्ही शहाणे! थेट औरंगपुऱ्यातला स्टुडिओ गाठला. घटस्फोटाला फोटो लागतो म्हणजे काढायलाच हवा, एवढं सरळ डोकं आमचं.

"वहिनी, जरा जवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला. "दादा, खांद्यावर हात ठेवा की! नवीनच लग्न दिसतंय."

सुदर्शन कानापर्यंत लाल झाला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "ठेवू का?"

"ठेवा," मी म्हणाले आणि नेमकं तेव्हाच मला हसू फुटलं. फोटो तसाच निघाला.

तो बघून वहिदा मॅडमनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! अरे, लग्नातला फोटो पाहिजे. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून! असा फोटो लावला तर जजसाहेब मलाच विचारतील, बाई, यांना कशाला वेगळं करता?" त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत गंभीर झाल्या. "लग्नातला फोटो मागनं आणून द्या, अर्ज आज टाकू. मग सहा महिने थांबायचं. नंतर कोर्ट दोघांना पुन्हा विचारतं. तेव्हा एक जण जरी नाय म्हणला, तर सगळं रद्द. लक्षात ठेवा."

सह्या झाल्या. जिना उतरताना सुदर्शन म्हणाला, "चहा घेणार का तुम्ही?"

"बायकोला तुम्ही? ही कुठली पद्धत?"

"ओळख कुठं झालीय आपली? झाली की म्हणंन अगं."

आणि मग ते सहा महिने... काय सांगू! मी फुलंब्रीच्या दवाखान्यात लॅबला होते, शहरातून जाऊन-येऊन. संध्याकाळची बस हर्सूलला थांबली, की खिडकीतून मला तो दिसायचा, वाळूजहून अख्खं शहर ओलांडून आलेला. मी उतरून न बघितल्यासारखं करायची, तो माझ्या मागं मागं दहा पावलं चालायचा, मग आम्ही दोघंही हसायचो. रविवारी हिमायत बागेत जायचो. वर पोपटांचा कलकलाट, खाली ओल्या मातीचा वास आणि आमच्यामध्ये कागदात बांधलेले पेरू. त्याला वांगं आवडत नाही, हे मला तिथं कळलं. आठ महिने मी वांगी करून पाठवली होती आणि त्यानं मुकाट्यानं खाल्ली होती!

"सांगायचं ना मग?"

"सांगायला तुम्ही समोर कुठं होतात?" तो म्हणाला. हातातली पेरूची फोड त्यानं परत कागदावर ठेवली. "त्या दिवशी तुमच्या नोकरीचं निघालं, तेव्हा बोलायला पाहिजे होतं मी. आईसमोर तोंडच उघडलं नाय. चुकलं... लई चुकलं माझं."

मी त्याच्या बाहीवर बोट टेकवलं, एवढंच. पण त्या दिवसापासून माझा जीव त्याच्यात अडकला. रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहिताना मी उगाचच गुणगुणायला लागले.

जानेवारी संपताना एका रविवारी तो फार खुशीत आला.

"अर्ज मागं घेऊ या," म्हणाला. "दादांना सांगितलंय मी. ते कारभारी काकांशी बोलले. काका म्हणले, झालं गेलं गंगेला मिळालं. येत्या गुरुवारी तुम्हाला घ्यायला यायचं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"म्हणजे... सगळ्यांचंच."

माझ्या हातातला पेरू तसाच राहिला. त्याचा चेहरा इतका आनंदी होता, की मला रडू आलं. पुन्हा दोन म्हाताऱ्यांनी चहा पिऊन माझा गुरुवार ठरवला होता आणि ज्याच्यासाठी मी बसच्या खिडकीला नाक लावून बसायची, त्यानं तो आणून माझ्या हातात ठेवला होता.

"सुदर्शन," मी पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं. "ते लग्न मला नको. मला न विचारता झालेलं. ते मोडू द्या. कोर्टात हो म्हणा."

"आणि मी?"

"तुमचं मला आत्ता नाही सांगता येणार. आधी मोकळी होऊ द्या, मग कळेल."

"आणि मी तिथं नाय म्हणलो तर?"

"तर मी तुमची बायको राहीन. कायद्यानं."

तो उठला. सरळ फाटकाकडं चालत गेला. पुढं पंधरा दिवस हर्सूलच्या थांब्यावर कुणी नव्हतं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? तो नाही म्हणाला, तर मी अडकणार होते आणि हो म्हणाला, तर तो जाणार होता.

फेब्रुवारीत तारीख आली. कोर्टात सकाळचं पिवळं ऊन फरशीवर पसरलं होतं. न्यायाधीश बाई होत्या, मृदू आवाजाच्या. "तनुजा, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? तुमची स्वतःची इच्छा काय आहे?"

माझी इच्छा! "दबाव नाही, मॅडम. माझ्या मर्जीनंच."

मग त्या त्याच्याकडं वळल्या. "सुदर्शन, तुमची संमती आजही कायम आहे?"

त्यानं मान खाली घातली. ओसरीवर मान खाली घालून बसलेला तो सुदर्शन मला आठवला.

वहिदा मॅडम हळूच म्हणाल्या, "बोलो बेटा. जे मनात आहे ते."

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते, पण नजर हलली नाही.

"आहे," तो म्हणाला. "तिला पाहिजे तसंच होऊ द्या."

त्या क्षणी माझं त्याच्यावरचं प्रेम पक्कं झालं आणि त्याच क्षणी तो माझा कुणीही उरला नाही. मी सही केली.

बाहेर आलो. तो म्हणाला, "येतो मी." पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेलासुद्धा. मी खांबाला धरून उभी.

फाटकाशी तो थांबला... आणि परत वळला. दोन-दोन पायऱ्या चढत माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"एक विचारायचं होतं. म्हणजे तुम्हालाच. दादांना नाय सांगितलं, कुणालाच नाय." त्यानं हात पँटला पुसले. "रविवारी भेटाल का मला? नाय म्हणलात तरी चालंल. खरंच चालंल."

मी लगेच उत्तर दिलं नाही. मला नाही म्हणता येत होतं! ही चैन जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती, ती मी पुरेपूर भोगली. तो बिचारा घामाघूम होऊन उभा होता.

"भेटते," मी म्हणाले. "पण तुम्ही मला लई आवडता, हे रविवारपर्यंत पोटात ठेवणं जमायचं नाही. म्हणून आत्ताच सांगते."

सुदर्शन मटकन पायरीवरच बसला. मग सरकून त्यानं शेजारी जागा केली.