खडकांपलीकडचं पाणी

दादाची कालवं मरत होती, म्हणून हा प्रवास. खाडीतल्या प्लवकात, पिसवेहून बारीक जिवांच्या पोटात, एक परजीवी ठाण मांडून बसला होता. आधी त्यांना पोखरायचा, मग कालवांना. दादाची धाकटी बहीण प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी. खडकांच्या रांगेपलीकडचं पाणी कदाचित निरोगी असेल, असं तिनेच सांगितलं होतं. दादाने लगेच शेवटच्या तगलेल्या कालवांच्या टोपल्या होडीत चढवल्या. ‘कदाचित’ हा शब्द त्याने सोयीस्करपणे गाळला.

सुकाणूवर वंगण्या होता. इंजिनं दुरुस्त करून त्याचे हात जन्माचे काळे झाले होते, आणि बोलणंही त्याच रंगाचं.

“परत आलो तर चहा माझ्याकडून,” तो म्हणाला. “म्हणजे खर्च बहुधा वाचला.”

खडकांमधली फट आली. लाट फुगली. होडीचं नाक आभाळाकडे उभं राहिलं! इंजिन गुदमरलं, वंगण्याने शिवी हासडली, इंजिन पुन्हा धडधडलं. कड खरवडून घेत होडी पलीकडे आदळली. समोर राखाडी, थंड, उदास पाणी पसरलं होतं.

धाकटीने बारीक जाळं फिरवलं, थेंब काचेवर घेतला, आणि सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रत्येक जिवाच्या पोटात परजीवीचे पिवळे दाणे!

“दादा, जाळं कोरडंच आणलंस ना?”

“कोरडं जाळं पाण्यात कोण टाकतं? रात्रभर खाडीत भिजत ठेवलं होतं.”

रागावायचंही तिला त्राण उरलं नाही. म्हणजे हे जीव खाडीतलेही असतील. इथलं पाणी कसं आहे, ते आता कळणार नव्हतं.

दादाचा चेहरा मात्र उजळला. “मग सोडू टोपल्या?”

“जाळं एक रात्र खाडीत होतं, तर ही गत. कालवं तीन वर्षं तिथंच आहेत. वरून धडधाकट दिसतात, पण आत तोच परजीवी असणार.” तिने काच पुसून ठेवली. “इथलं पाणी चांगलं असलं, तर आपणच नासवू.”

दादाने टोपलीवरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात आडवी लाट आली! दोर तुटला. टोपल्या काठाकडे घसरल्या.

“जाऊ दे त्या!” वंगण्या ओरडला. “होडी हलकी होईल!”

दादाने अंग झोकून दिलं. शिंपल्यांच्या धारा तळव्यांत घुसल्या. दुसरी लाट त्याच्यावरून गेली. धाकटीने त्याचे पाय घट्ट धरले. एकही टोपली त्याने पाण्यात पडू दिली नाही.

तिघंही जिवंत परतली. धक्क्यामागे दादाने खड्डा खणला, त्यात चुना टाकला. त्याचे हात रक्ताळलेले पाहून धाकटी टोपली उचलायला पुढे झाली.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी वाढवलीत, मीच पुरतो.”