सात नंबरची पेटी

वायरवाला मामा होऊन नऊच दिवस झाले होते. रुग्णालयात सगळे त्याला वायरवाला म्हणत, कारण वेबसाइट, सर्व्हर, कॅमेरे असलं सगळं त्याच्याच गळ्यात होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या विभागात प्रत्येक पेटीवर त्यानेच कॅमेरा बसवला होता. आईबापांनी आपला पासवर्ड टाकायचा आणि वेबसाइटवर लेकरू बघायचं. आता सात नंबरच्या पेटीत त्याचीच भाची होती. बहीण तापाने फणफणत खालच्या मजल्यावर पडलेली, तिला वर जायला सक्त मनाई. मोबाइलवर लेक दिसली की तिच्या पोटात चार घास तरी जायचे.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वेबसाइट बंद पडली. लगेच बहिणीचा फोन. "दादा, दिसत नाहीये रे ती."

त्याने नोंदी उघडल्या आणि त्याचं टाळकंच सरकलं. जगभरातली हजारो यंत्रं एकदम वेबसाइटवर तुटून पडली होती आणि त्या रेट्यात खऱ्या आईबापांना वाटच मिळत नव्हती. असले हल्ले त्याने पाहिले होते. कुणी खंडणीसाठी करतं, कुणी धंद्यातल्या वैऱ्याला बुडवायला, कुणी जुना राग काढायला, तर कुणी निव्वळ टवाळकी म्हणून. कधी पुढच्या दारी धिंगाणा घालून मागच्या दाराने चोरीही करतात. पण तान्ह्या पोरांच्या आयांना छळणारी ही जात बघून त्याला शिसारी आली. असल्यांच्या तोंडावर थुंकायचीसुद्धा किळस वाटते, असं तो साहेबांना म्हणाला. साहेबांनी विचारलं, पैसे मागितलेत का? मागितले नव्हते. चोरीही कुठे नव्हती.

दुपारी त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. हल्लेखोर वेबसाइटचं पान मागतात आणि पळतात, पानात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. हे मागत होते आणि थांबत होते. पासवर्ड कुठून मिळाला कोण जाणे, पण चौदा हजार जणांना एकच पान हवं होतं. सात नंबर.

ते बघत होते.

अंगावर पाल पडावी तसा तो शहारला. त्याने वर नर्सबाईंना फोन लावला. बाळ छान आहे, त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या.

"कॅमेऱ्याची काच तेवढी सारखी खराब होतेय. ओठांचे ठसे उमटतात, ओले. चारदा पुसली मी. आणि इथे तर माझ्याशिवाय कोणी नाही."

कचऱ्याच्या डब्यावर वाकून तो भडाभडा ओकला.

तोंड धुऊन त्याने बाहेरच्या सगळ्या वाटा बंद केल्या. फक्त बहिणीचा मोबाइल चालू ठेवला.

बाहेरून बघणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला.

एरवी हे लोक दुसरीकडून घुसायला बघतात. वीस मिनिटं झाली. कोणी आलं नाही.

बहिणीचा फोन आला. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती.

"दिसली रे दादा. शांत झोपलीय."

तो खुर्चीत सैल झाला.

"फक्त पेटीची काच पुसायला सांग ना. आतून ओठांचे डाग पडलेत. मघाशी झाकणावर होते, आता तिच्या गालापाशी आलेत."