पुरुषभर पाणी

दार लोटून घ्या, आणि कुणाला मध्येच उठायचं असेल तर आत्ताच उठा. ही गोष्ट मला ज्याने सांगितली तो होड्यांची शिडं शिवायचा. सगळे त्याला दोऱ्या म्हणत. आयुष्यभर सुई चालवून बोटांना घट्टे पडलेले, आणि थापा मारायची अक्कल शून्य. म्हणूनच सांगतोय.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. दोऱ्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे भावोजी, यांची एक शिडाची बोट होती. तिचं मोठं शीड फाटलं, ते दोऱ्याने शिवून दिलं. भावोजी म्हणाले, बोट पलीकडच्या छोट्या बंदरात दुरुस्तीला न्यायचीय, तूही चल, शीड कसं बसलंय ते तुलाच कळेल. भावोजींबरोबर एका पंगतीला बसणंही दोऱ्याच्या जिवावर यायचं. पण ताईचा फोन आला, आणि ताईला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

शनिवार होता. नोव्हेंबरातली अमावास्या. दुपारी इंजिन बंद पडलं ते पडलंच. नुसत्या शिडावर रखडत बंदरासमोर आले, तोवर दिवस बुडाला होता आणि समुद्र पार ओसरला होता.

त्या बंदराचं तोंड म्हणजे दोन दगडी बांधांमधली चिंचोळी वाट, आणि वाटेत आडवी पसरलेली वाळू. ओहोटीला तिथे माणूस खुशाल उभा राहतो. या बोटीला मात्र पुरुषभर पाणी लागायचं. म्हणून बाहेर नांगर टाकायचा आणि भरती चढायची वाट बघायची. आत धक्क्यावर दोन दिवे होते, एक उंचावर, एक खाली. ते बरोबर एकाखाली एक दिसले की वाट सरळ. वारा मागून असला तर एकदा शीड उघडलं की थांबणं नाही, वळणं नाही. वेळ चुकली की वाळूवर आपटून बोटीची लाकडं वेगळी.

तर दोघं थांबले. उघड्या पडलेल्या चिखलावरून वास येत होता. गटाराचा, सडल्या जाळ्यांचा, मेलेल्या शिंपल्यांचा. दोऱ्याने नाकाला रुमाल लावला. भावोजींना त्याचं काही नव्हतं. ते डब्यातले मासे बोटांनी उचलून खात होते. तेल मनगटापर्यंत ओघळलं की चाटायचे, आणि तोच हात दोऱ्याच्या पाठीवर थोपटायचे.

थोड्या वेळाने ते कंटाळले. जाऊ या आता, म्हणाले. दोऱ्या म्हणाला, पाणी पुरेसं नाही अजून.

"गेल्या वर्षी याहून कमी पाण्यात घातली होती आत," भावोजी म्हणाले. "एक जाळेवाला मध्येच उभा होता, जाळं ओढत."

"मग?"

"मग काय? थांबलो असतो तर बोट गेली असती." दातात अडकलेला काटा त्यांनी नखाने काढला, निरखून पाहिला आणि परत तोंडात टाकला. "जरा रंग गेला तळाचा."

दोऱ्याला आधी वाटलं, आपली चेष्टा चाललीय. पण भावोजी रंगात येऊन सांगत होते. मागे वळून पाहिलं नाही. माणूस पुढे चिखलात सापडला, खेकड्यांनी खाल्लेला. पाय घसरून बुडाला असेल, असं लोकांनीच ठरवलं. हे स्वतः गर्दीत उभे राहून हळहळले आणि घरी येऊन जेवले.

ताईला माहीत आहे का, असं दोऱ्याने विचारलं. बायकांना कशाला सांगायच्या असल्या गोष्टी, असं उत्तर आलं.

पाठीवर जिथे तो तेलकट हात पडला होता तिथला शर्ट त्याने अंगापासून ओढून धरला. या माणसाच्या घरी आपण दिवाणावर ऐसपैस बसलो, याच्या हातून पाणी प्यायलो. उठून पलीकडे जावं, तर बोट ती केवढीशी!

तो तोंड फिरवून बंदराकडे पाहू लागला, तर खालचा दिवा दिसेना.

वरचा होता. खालचा गेला होता. दोऱ्याने डोळे बारीक केले. दिवा गेला नव्हता, त्याच्या आड काहीतरी होतं. त्याने बॅटरी मारली.

वाळूवर माणूस उभा होता. गुडघाभर पाण्यात.

"खांब आहे," भावोजी म्हणाले.

खांबाला हात नसतात... दोऱ्याने बॅटरी तशीच रोखून धरली.

लाटा येत होत्या, फुटत होत्या. तो हलत नव्हता. वास वाढला. चिखलाचा नव्हे, दुसराच. गोडसर. घशात चिकटून बसणारा. पाणी चढत गेलं तसं वाळूवरच्या त्या माणसाच्या मांड्या बुडाल्या. मग कंबर. अंगावरचं कातडं भिजलेल्या कागदासारखं सुटून लोंबत होतं, आणि प्रत्येक लाट त्यातलं थोडं घेऊन जात होती.

भावोजींनी डबा समुद्रात टाकला.

वारा वाढला. नांगर सुटून घसरायला लागला. डाव्या हाताला बांधाचे दगड जवळ येत होते.

"शीड उघड," भावोजी म्हणाले. "उघड, दोऱ्या..."

"किती पाणी आहे ते दिसतंय ना तुम्हाला? छातीभर."

भावोजींनी तिकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

दोऱ्याने सुकाणूचा दांडा हातात घेतला. शिडाची दोरी दुसऱ्या हातात. भावोजी शिडाच्या खांबाला मिठी मारून बसले. दगड आणखी जवळ. पाणी गळ्याशी. बॅटरीच्या उजेडात चेहरा दिसला. ओठ नव्हते. तोंडात चिखल भरलेला... आणि त्या चिखलात काहीतरी वळवळत होतं.

हनुवटी बुडाली.

नाक.

डोळे. उघडेच होते.

मग केस तेवढे उरले, पाण्यावर पसरलेले. मग तेही नाहीत. खालचा दिवा लख्ख दिसला, वरच्याच्या बरोबर खाली.

पुरुषभर पाणी.

दोऱ्याने नांगराचा दोर कापला. शीड उघडलं. बोट सुसाट निघाली, सरळ त्या जागेवरून. तळाला काही आपटलं नाही. नुसतं घासलं. पुढून मागे, सावकाश. कुणी तळव्याने चाचपत जावं तसं. सुकाणूपाशी ते थांबलं. दांडा जड झाला. दोऱ्याने दोन्ही हातांनी ओढला... हलेना.

मग सुटला.

बोट आत आली. भावोजी तिथेच बोटीत ओकले आणि त्यातच बसून राहिले.

दोऱ्या तसाच ओल्या कपड्यांनी बंदराच्या चौकीत गेला आणि गेल्या वर्षीचं सगळं सांगून आला. भावोजींनी काही नाकारलं नाही. खटला झाला, शिक्षा झाली. माझं घर तू मोडलंस, एवढंच ताई म्हणाली, आणि पुढे बरीच वर्षं त्याच्याशी बोलली नाही. दोऱ्याने ते सोसलं. तो जाळेवाला एकटा होता, ना बायको ना मूलबाळ; जाळं धरायला धक्क्यावरचं एखादं बेवारस पोर सोबत न्यायचा, एवढंच. त्याच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

बोट तिथेच चिखलात पडून राहिली. पुढे ती मोडायला काढली, तेव्हा सुताराने दोऱ्याला मुद्दाम बोलावून घेतलं. सुकाणूची फळी त्याने उताणी करून ठेवली होती. खालच्या कडेला, टणक लाकडात, दातांचे ठसे होते. खोल. फळी धरून ठेवण्यासाठी चावल्यासारखे. आणि ठसे इवलेसे होते. शेवटच्या ठशात एक दात मोडून अडकलेला होता.

सुताराने तो चिमट्याने काढून दोऱ्याच्या तळहातावर ठेवला.

तांदळाच्या दाण्याएवढा... दुधाचा दात.