मागून येणाऱ्यासाठी

दार उघडायला कुठल्या माणसाला किती वेळ लागतो, हे मितेशला तोंडपाठ होतं. कार्ड खिशात असेल तर चार सेकंद, पर्समध्ये असेल तर अकरा. गळ्यात दोरीला असेल तर दोनच, पण मग कार्ड वाचणाऱ्या रीडरसमोर वाकावं लागतं आणि ते साहेबलोकांना आवडत नाही. कोड टाकताना पुरुष तळहातानं आकडे झाकतात. बायका तेच आकडे मोठ्यानं पुटपुटतात.

शिरवण्याला एमआयडीसीत मितेशचं दोन खोल्यांचं वर्कशॉप होतं. नेरूळच्या बऱ्याच इमारतींच्या दारांवर त्यानं बनवलेले रीडर होते. आकडे मोठे, म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसतील असे. रीडर कमरेच्या जरा वर, म्हणजे दोन्ही हातांत एपीएमसी मार्केटातल्या पिशव्या असल्या तरी पर्स नुसती टेकवून काम व्हावं.

त्याची खरी करामत नव्या मॉडेलात होती. जुने रीडर दार पंधरा सेकंदांहून जास्त उघडं राहिलं की बोंबलायचे. मागून येणाऱ्या शेजाऱ्यासाठी दार धरणारा भला माणूसच चोर ठरायचा. मितेशनं दारावर सेन्सर बसवला. बाहेर दहा फुटांत कुणी दाराकडे येत असेल तर दिवा हिरवा राहतो, अलार्म गप्प. कुणी नसेल तर पंधराव्या सेकंदाला बोंब. आत किती गेले, बाहेर किती आले, तेही तोच मोजतो. त्यातून मितेशला एक छंद लागला होता, कोण कुणासाठी किती वेळ दार धरतं ते बघायचं. नवरे बायकोसाठी तीन सेकंद धरतात, पिझ्झा आणणाऱ्यासाठी सात.

पहिला सेन्सर सारसोळ्याजवळच्या एका टॉवरला लागला. एकोणिसाव्या दिवशी तिथल्या सेक्रेटरी सुनयना मॅडमचा फोन आला.

"मितेश, तुझं मशीन माणसं पैदा करतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आग लागली तर आत कोण आहे ते कळावं म्हणून लावलं ना आपण? एकोणीस माणसं जास्त दाखवतंय. आत गेली ती बाहेर आलीच नाहीत. कुणाच्या घरी ठेवलीत ती बघ जरा."

रेकॉर्ड काढलं. रोज एक माणूस जास्त होता. वेळ पावणेसहाच्या आसपास, कार्ड दर वेळी तेच. जमुना कोळी, दुसरा मजला. कार्ड एक आणि आत जाणारे दोन.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच मितेश लॉबीत जाऊन बसला.

"जमुनाबाई ना?" वॉचमन अंकुश म्हणाला. "त्या दारात थांबतात रोज. मी कशाला बोलू? उरलेले बोंबील देतात मला."

जमुनाबाई आल्या. साठी उलटलेली, डोक्यावर रिकामी टोपली, कार्ड पदराच्या गाठीत. गाठ न सोडताच त्यांनी ती रीडरला लावली. हे आपल्याला कसं सुचलं नव्हतं, असं मितेशच्या मनात येऊन गेलं. टोपली उतरवून त्यांनी अंकुशच्या हातात दिली. त्यानं ती सवयीनं लिफ्टपाशी नेऊन ठेवली. मग दार धरून, बाहेर पाठ करून त्या उभ्या राहिल्या.

पंधरा सेकंद झाले. दिवा हिरवाच.

बाहेर फरसबंद वाट होती, दोन स्कूटर होत्या आणि वाटेत आडवं पडलेलं कुत्रं. कुत्रं उठलं, बाजूला झालं, पुन्हा बसलं.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला जमुनाबाईंनी हात सोडला. स्प्रिंगचं दार, हात सुटला की लागायलाच हवं. ते क्षणभर तसंच उभं राहिलं, मागच्या माणसानं धरावं तसं. मग सावकाश लागलं. मितेशच्या फोनवर आकडा आला. आत दोन.

खाडीच्या चिखलाचा वास आला. टोपलीचा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण टोपली लिफ्टपाशी होती आणि वास दाराशी.

"मावशी, कोणासाठी थांबता?"

"आमच्या म्हाताऱ्यासाठी. सिताराम." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अकरा वर्सां झाली. होडी घावली, तो नाय घावला. चितेवर जालला नाय, काय नाय. मंग त्याला कोन सांगनार, परत नको येऊ म्हनून?"

"मग ते बाहेर कधी जातात?" प्रश्न विचारून मितेशला लाज वाटली, पण आकडा जुळायला हवा होता.

"जायाला दार लागत नाय, बाला. येताना कोनीतरी धरायला लागतो." त्या लिफ्टकडे वळल्या आणि थांबल्या. "तुझा कोन गेलाय?"

"बायको."

"कवा?"

"तशी नाही गेली. उरणला भावाकडे आहे. तीन वर्षं झाली."

"जित्ती हाय?"

"हो."

"मंग फोन कर तिला. जित्त्या मानसासाठी असा दार धरायचा नसतो."

फोन करणं एवढं सोपं असतं तर मितेशनं कधीच केला असता. अमिता निघाली तेव्हा बॅग घेऊन दारात थांबली होती. तो लॅपटॉपवर कुणाच्या तरी दाराचे सेकंद मोजत होता. "एक मिनिट," म्हणाला, आणि मान वर केली तोवर दार लागलेलं होतं. नंतर तिचा भाऊ जयदेव एकदाच बोलला. "तू आता फोन करू नको. आमीपन करनार नाय." तीन वर्षं दोघांनी शब्द पाळला. मितेशनं तिचं कार्ड तेवढं बंद केलं नव्हतं.

सुनयना मॅडमना त्यानं सांगितलं, बारीकसा दोष होता, काढला. काढला नव्हता, रोज संध्याकाळी आपल्या हातानं एक वजा करत होता. आणि तसाच सेन्सर त्यानं जुईनगरला स्वतःच्या इमारतीच्या दारावर बसवला. टेस्टिंग आहे, म्हणून सांगितलं.

रोज पावणेसातला, बँकेतून अमिता परतायची त्या वेळी, तो खाली उतरून बाहेर जायचा आणि कार्ड लावून दार धरायचा. पंधराव्या सेकंदाला बोंब.

तळमजल्यावरच्या दीपेशनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी तो बनियनवर बाहेर आला. "मितेशभाऊ, कोणाची वाट बघताय? कुरिअरवाल्याची? त्याला फोन करा ना."

सगळे हेच सांगत होते. मितेशनं नंबर काढलाही, दोनदा. दार धरायला सोपं होतं. दाराला काय बोलायचं ते ठरवावं लागत नाही.

नवव्या दिवशी, गुरुवारी, त्यानं जमुनाबाईंसारखी बाहेर पाठ केली.

पंधरा. हिरवा.

सोळा. सतरा. हिरवा.

सेन्सर त्यानं स्वतः बनवला होता. तो वाऱ्याला फसत नव्हता, सावलीला फसत नव्हता.

चोवीस. व्हिक्सचा वास आला. अमिताला बारा महिने सर्दी. तिच्या उशीला, रुमालाला, हातांना हाच वास असायचा.

एकतीस. हातातलं दार हलकं झालं. मागच्या माणसानं त्याचं वजन आपल्या हाती घ्यावं, तसं.

"आलीस?" तो म्हणाला. पाठीमागे पाहिलं नाही. "एक मिनिट म्हणालो होतो, फार झालं गं."

दार सावकाश लागलं. त्यानं फोन काढून पाहिलं. आत दोन. तो आकडा बघून त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

मग आकडा झाकला गेला. फोन हातात थरथरू लागला. स्क्रीनवर जयदेवचं नाव होतं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

मितेशनं तो उचलला नाही. वाजणारा फोन तसाच मुठीत धरून तो लिफ्टमध्ये शिरला, आणि दुसऱ्या माणसाला नीट उभं राहता यावं म्हणून एका कडेला सरकला.