शेपूट तुटलेले निरोप

“माझी पोर कुठे आहे?” बिटकीची आई पाळणाघराच्या दारातच मटकन बसली.

शेजारी तिची बहीण, पांढरीफटक. “मी न्यायला आलेच नव्हते हो. ऑफिसात होते.”

बाहेर अंधारून येत होतं. इन्स्पेक्टरबाई पुढे झाल्या. त्यांनी आईचा मोबाइल घेतला. पाळणाघराच्या नंबरावरून आज तीन निरोप आले होते.

बिटकी दूध पिऊन झोप
बिटकी बाहेर खेळायल
बिटकी मावशीबरोबर घरी गेली, काळजी नसावी.

“झोप, खेळायल... हे काय?”

कारकून मुलगी रडकुंडीला आली. “मी प्रोग्रॅमिंग शिकतेय, मॅडम. मी निरोप टाइप करते, माझा प्रोग्रॅम तो पालकांना धाडतो. अक्षरांची मर्यादाच कमी पडलीय, त्यामुळे शेपूट तुटतं. पालक माझी टर उडवतात.”

“ऐकलंत? निरोप हीच धाडते!” संचालिकाबाई कडाडल्या. “हिलाच विचारा.”

“मावशीचा निरोप तू पाठवलास?”

“नाही हो, आईशप्पथ!”

“प्रोग्रॅम आज दुरुस्त केलास?”

“जमतच नाहीये.”

“मग तोच निरोप आत्ता टाइप कर.”

मुलीने निरोप टाइप केला. आईच्या मोबाइलवर उमटलं:

बिटकी मावशीबरोबर घ

इन्स्पेक्टरबाई संचालिकांकडे वळल्या.

“मुलांना खेळायला बागेत कोणी नेलं?”

“मी.”

“परतताना डोकी कोणी मोजली?”

“मीच.”

“पाळणाघराचा फोन कोणाकडे असतो?”

“माझ्या...” संचालिकांनी जीभ चावली.

इन्स्पेक्टरबाईंनी आधी गस्तीच्या गाडीला फोन लावला. “बाग पिंजून काढा. कोपरा न् कोपरा.” मग त्या म्हणाल्या, “हिच्या प्रोग्रॅममधून गेलेला निरोप तुटतोच. हा अख्खा आला, म्हणजे फोनवरून हाताने लिहिलेला. बिटकीला कोणी नेलंच नाही, ती बागेतून परतलीच नाही. इथे आल्यावर एक मूल कमी भरलं, तुम्हाला घाम फुटला आणि तुम्ही ते मावशीच्या गळ्यात घातलंत.”

“मी गुपचूप जाऊन आणणार होते,” संचालिका खाली बसल्या. “तेवढ्यात ह्या आल्या. बोभाटा झाला असता तर पाळणाघर बंद पडलं असतं हो!”

फोनची वाट बघताना सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

फोन वाजला. बागेच्या स्वच्छतागृहाला रखवालदाराने न बघताच कुलूप घातलं होतं. बिटकी आत होती. जिवंत, पण ओरडून ओरडून घसा बसलेला.

आईने हंबरडा फोडला. मग डोळे पुसत ती संचालिकांसमोर उभी राहिली.

“मला खरं सांगितलं असतंत, तर मी तेव्हाच धावत सुटले असते. इतका वेळ ती मला हाका मारत होती.”