ट्रॅकवर शेजारी चालणारी

हे मी रचून सांगत नाहीये.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती फिजिओथेरपिस्ट आहे, आखडलेले खांदे आणि धरलेल्या कमरा सोडवते. कुणी भुताखेतांचा विषय काढला की उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई.

जागाही खरी आहे. बंद पडलेला काचकारखाना पाडून तिथं जे पार्क झालं, ते. आणि संध्याकाळ शनिवारची होती. पार्क अजून लोकांसाठी उघडलं नव्हतं.

तो कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली होती, की आत उगवलेली झाडं छपरातून बाहेर आली होती. भटकी कुत्रीसुद्धा तिकडून जायची नाहीत. कारण जमिनीत हातभर खोल काचच काच.

त्या जागेचं पार्क करायचं काम ताईच्या नवऱ्याकडे आलं. आमचे भावोजी बागा आणि मैदानं आखणारे आर्किटेक्ट. माती उकरायची, चाळायची, काच वेगळी काढायची, वर नवी माती टाकायची. मग पळायचा ट्रॅक, बास्केटबॉलचं कोर्ट, लहानग्यांचे झोके, म्हाताऱ्यांसाठी बाकडी. भावोजी त्या कामात बुडून गेले.

तेव्हा दोघांचं फारसं पटत नव्हतं. दिवसभर तिचं क्लिनिक, त्यांची साइट, आणि घरी आल्यावर शब्दाला शब्द. गिझर कुणी चालू ठेवला यावरून सुरू व्हायचं, ते पार दोघांच्या आईवडिलांपर्यंत जायचं.

पण हळूहळू भावोजी साइटवरून खुशीत यायला लागले.

शीळ घालत.

दाढी रोजची रोज. ठेवणीतले शर्ट साइटवर जायला लागले. आणि संध्याकाळी मजूर घरी गेल्यावरही ते तास-दीड तास तिथंच थांबायचे.

ताईच्या मनात पाल चुकचुकली.

"कोण असतं रे तिथं संध्याकाळी?" एकदा जेवताना तिनं विचारलं.

भावोजी हसले. "आता हे मी तुला सांगू?"

"म्हणजे?"

"काही नाही. घरी नको. ठरलंय ना आपलं."

काय ठरलंय, ताईला कळेना. तिला एवढंच कळलं, की हा माणूस आपली थट्टा करतोय आणि वर गोड हसतोय.

ती शर्टांचे वास घेऊ लागली. फोन बघू लागली. साइटवर येणाऱ्या बायका तिनं मनातल्या मनात उभ्या केल्या. रोपं पुरवणारी नर्सरीवाली. दिव्यांचं काम बघणारी इंजिनिअर. एकेकीला सुंदर केलं आणि एकेकीचा दुस्वास केला. फोनमध्ये काही सापडेना. सापडतं तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. निदान भांडायला एक नाव तरी मिळालं असतं.

त्या शनिवारी तिनं क्लिनिक लवकर बंद केलं आणि सरळ साइट गाठली.

सूर्य नुकताच मावळला होता. गेटवर रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"साहेब आहेत आत?"

"आहेत, मॅडम."

"आणखी कोण आहे?"

तो जरा घुटमळला. "कुणी नाही. मजूर कधीच गेले."

"मग तुम्ही आत फेरी का मारत नाही?"

"उजेड कमी झाला की मी गेटवरच बसतो." त्यानं आवाज खाली आणला. "आत काच वाजते."

"सगळी काच काढली ना?"

"काढली की."

ताईनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ती आत गेली.

कोर्टाला नवा रंग लागला होता. झोके अजून दोरीनं बांधून ठेवलेले. पलीकडे ट्रॅक. त्यावरची तांबडी माती त्याच दिवशी पाणी मारून, रोलर फिरवून बसवली होती. अजून ओलसर होती.

त्या मातीत भावोजींच्या बुटांचे ठसे होते.

आणि त्यांच्या शेजारी...

अनवाणी पावलं.

बाईची. लहान, नीट उमटलेली. ज्या जमिनीवर मजूर जाड बूट घातल्याशिवाय पाय ठेवत नव्हते, तिथं ती अनवाणी चालली होती. भावोजी थांबले तिथं थांबली होती. ते वळले तिथं वळली होती. एका ठिकाणी ती पावलं बुटांच्या समोर उभी होती. अगदी जवळ. टाचा उचललेल्या.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भीती तिला तेव्हा वाटलीच नाही. ती झपाझपा त्या ठशांच्या मागं निघाली.

वळणावर तिला भावोजी दिसले. पाठमोरे. सावकाश चालत होते. ट्रॅकच्या कडेकडेनं, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. हळू आवाजात काहीतरी सांगत होते, मध्येच हसत होते.

शेजारी कुणी नव्हतं.

पण माती दबत होती...

बुटाचा एक ठसा. त्याच्या बाजूला अनवाणी एक. पुन्हा बूट. पुन्हा अनवाणी. ताईच्या डोळ्यांदेखत.

तिनं नवऱ्याला हाक मारली.

भावोजी वळले. ताईला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं.

मग त्यांनी शेजारी बघितलं.

परत ताईकडे.

परत शेजारी.

हरवलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा.

आणि मग तो आवाज आला. ओल्या मातीवर अनवाणी पाय...

धप्.

धप्. धप्. धप्.

ताईच्या दिशेनं. पळत.

ती जागची हलली नाही. हलताच आलं नाही. पावलं तिच्या पुढ्यात येऊन थांबली. तिच्या तोंडावर कुणाचा तरी श्वास आला. गरम. दातांतून ओढलेला. धावून दमलेल्या माणसाचा नव्हता तो. आतल्या आत जळणाऱ्या माणसाचा होता.

ताईनं तो ओळखला. कारण कित्येक दिवस ती स्वतः तसाच श्वास घेत होती.

जमिनीखाली काहीतरी किणकिणलं...

छातीवर धक्का बसला आणि ताई आडवी झाली.

भावोजी धावत आले. तिला उठवलं तेव्हा तिच्या तळहातात हिरव्या काचेचा तुकडा घुसला होता. तीनदा चाळलेल्या मातीत.

गेटपर्यंत दोघांपैकी कुणी मागं बघितलं नाही.

क्लिनिकवर जाऊन ताईनं जखम धुतली. भावोजी पट्टी गुंडाळत होते. 

"कोण आहे ती?" ताईनं विचारलं.



"मला वाटलं, तू आहेस."

"काय?"

"तू यायचीस ना रोज. संध्याकाळी. सगळे गेले की." त्यांनी पट्टीला गाठ मारली. "आपण फिरायचो. तूच म्हणालीस, घरी हा विषय काढायचा नाही. घरी गेलं की भांडण होतं. इथलं इथंच ठेवू, म्हणालीस."



"माझ्यासारखी दिसायची?"

"तूच होतीस. तुझा आवाज. तुझं चालणं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "फक्त... चिडायची नाहीस. माझं सगळं ऐकून घ्यायचीस."

ताई मला म्हणाली, "त्या पावलांना मी इतकी घाबरले नाही गं, जितकी ह्या एका वाक्याला."

उरलेलं काम भावोजींनी सहकाऱ्याकडे सोपवलं. उद्घाटनालाही गेले नाहीत. पार्क सुरू झालं आणि माणसांनी भरून गेलं. सकाळी पळणारे, दुपारी कोर्टावर कॉलेजची पोरं, संध्याकाळी गप्पा मारणारे म्हातारे. कुणाला कधी काही झालं नाही. काच कुणाला लागली नाही.

हे दोघं मात्र तिकडं फिरकले नाहीत.

भांडणं थांबली. ताई मुद्दाम लवकर घरी यायची. भावोजींचं बोलणं सगळं ऐकून घ्यायची, मध्ये तोंड घालायची नाही. ते बोलताना चाचपडायचे. आधी सांगून झालेलं पुन्हा सांगावं तसे.

मग एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. दुसरंच काहीतरी मागायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या,

"काल पार्कात दिसलीस गं. हाक मारली, तुझं लक्षच नव्हतं."

ताईनं दाराची कडी धरली.

"बाकावर एकटीच बसली होतीस. कुणाची वाट बघत होतीस का?" काकू हसल्या. "पण छान दिसत होतीस हो. चेहरा कसा शांत. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, पोरीला आता सुख लागलंय."

काकू गेल्या. ताईनं दार लावलं आणि मागं वळली.

भावोजी खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

 

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते ताईनं याआधी एकदाच बघितलं होतं. लग्न ठरल्यावर, पहिल्यांदा तिला एकटीला भेटायला आले होते तेव्हा.

आजही ते कधी संध्याकाळी "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणाले, की ताई मला फोन करते. काहीच बोलत नाही. ते परत येईपर्यंत नुसता फोन धरून बसते.

आणि मला पलीकडून तिचा श्वास ऐकू येत राहतो... दातांतून ओढलेला.

तो ताईचाच असतो, असं मी धरून चालते.